एक आलेख, दोनशे तीस वर्षं आणि तुटलेली रेघ

पार्श्वभूमी

बाणेरमधली एक छोटी कंपनी. परदेशी प्रकाशकांना शालेय पुस्तकांसाठी नकाशे, आलेख आणि स्वाध्याय करून देणं हा तिचा धंदा. पुण्यात अशा कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांचं नाव पुस्तकावर कुठेही छापलं जात नाही, पण ओहायो किंवा टेक्ससमधल्या मुलांच्या दप्तरातलं बरंचसं रंगीत काम कर्वे रस्ता ते हिंजवडी या पट्ट्यात झालेलं असतं. पुढची हकिकत त्या कंपनीतल्या लोकांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांचा उल्लेख ऑफिसात त्यांना ज्या हाका मारतात त्यांनीच केला आहे.

काम असं होतं. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं भरून एक आलेख हवा होता: १७९० ते २०२० या काळात तिथली लोकसंख्या वंशानुसार कशी बदलत गेली. प्रकाशकाच्या संपादकांची मागणी अगदी स्पष्ट होती. डावीकडून उजवीकडे एकच सलग रंगीत पट्टा, आणि २०२० नंतर तुटक रेघेने २०४५ पर्यंत नेलेला अंदाज. तिथे गोऱ्यांचा पट्टा निम्म्याखाली जातो त्या जागी एक ठळक ठिपका.

कामावर चौघं होती. ताई म्हणजे प्रकल्पप्रमुख. भाऊ हा धुळ्याचा तरुण विश्लेषक. आकडे उतरवून घेणं, तपासणं त्याच्याकडे. एक चित्रकार मुलगी. आणि सर. सर लोकसंख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आठवड्यातून दोनदा कोथरूडहून स्कूटरवर येतात आणि छपाईला जाण्याआधीचा प्रत्येक आकडा पेन्सिलीने तपासतात. त्यांच्या मानधनाबद्दल कंपनीत कुरकुर असते. या कामानंतर ती थांबली म्हणतात.

अडचण कशी लक्षात आली

पहिला खर्डा देखणा होता. चित्रकाराने सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले, 'शंभर टक्क्यांत रचा' हा पर्याय निवडला आणि पट्टे आपोआप एकावर एक बसले. २०२०च्या टोकाला गोऱ्यांचा पट्टा ५२ टक्क्यांवर आला. संपादकांना हवी होती तीच गोष्ट चित्र सांगत होतं, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

खटकलं भाऊला. त्याच्या तक्त्यात गोऱ्यांसाठी २०२०चे तीन आकडे होते. फक्त 'गोरे' एवढंच उत्तर देणारे ६१.६ टक्के. त्यांतून हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले, वगळले तर ५७.८. गोरे आणि शिवाय आणखीही काही, असं सांगणारे धरले तर ७१.०. यांत ५२ कुठेच नव्हता. मग आला कुठून?

त्याने रकान्यांची बेरीज केली. ती आली ११८.७.

अमेरिकेच्या जनगणनेत हिस्पॅनिक असणं हा वंश नाही. तो वेगळा प्रश्न आहे, आधी विचारला जातो, आणि त्यानंतर वंशाचा प्रश्न येतो. म्हणजे मेक्सिकन मुळाचा माणूस हिस्पॅनिकही असतो आणि शिवाय गोरा, काळा, मूळनिवासी किंवा 'इतर' यांपैकी काहीतरी असतो. २०२०मध्ये हिस्पॅनिक होते १८.७ टक्के. वंशांचे शंभर टक्के आणि त्यावर हे १८.७, असं एकाच माणसाला दोनदा रचलं गेलं होतं. सॉफ्टवेअरने निमूटपणे सगळं दाबून शंभरात बसवलं. ६१.६ भागिले ११८.७ म्हणजे ५२.

ही चूक तासाभरात दुरुस्त होण्यासारखी होती आणि झालीही. चूक पटण्याजोगी दिसत होती, तिचं उत्तर वर्तमानपत्री मथळ्यांशी जुळत होतं, म्हणून ती तिघांच्या नजरेखालून गेली होती. ४० टक्के आले असते तर चित्रकारानेच विचारलं असतं. ताईंनी मग भाऊला सांगितलं, आता सगळाच तक्ता पुन्हा बघ, आणि बघताना २०१० ते २०२० या एका दशकापासून सुरुवात कर.

तिथे खरी अडचण निघाली.

२०१०मध्ये 'फक्त गोरे' होते २२.३६ कोटी. २०२०मध्ये २०.४३ कोटी. दहा वर्षांत जवळपास दोन कोटी माणसं कमी. ना युद्ध, ना दुष्काळ, ना कुणी मोठ्या संख्येने देश सोडून गेलेलं. त्याच दशकात 'दोन किंवा अधिक वंश' सांगणारे ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेले, म्हणजे २७६ टक्के वाढ. आणि 'गोरे, किंवा गोरे आणि शिवाय आणखी काही' हा आकडा पाहिला तर तो २३.१० कोटींवरून २३.५४ कोटींवर वाढलेला. तोच देश, तेच दशक, एका व्याख्येने घट आणि दुसरीने वाढ.

भाऊ म्हणाला, "सर, इतकी पोरं जन्मली कधी?"

सरांनी त्याला दोन्ही वर्षांचे छापील अर्ज शेजारी ठेवून वाचायला लावले. २०१०च्या अर्जात 'गोरा' या उत्तरापुढे नुसता चौकोन होता. २०२०मध्ये चौकोनाखाली लिहायला ओळ आली आणि उदाहरणं आली: जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन. काळ्यांसाठीही तशीच ओळ. शिवाय आतल्या प्रक्रियेत बदल झाला. पूर्वी लिहिलेल्या मजकुराची पहिली ३० अक्षरं वाचली जात आणि त्यांतून जास्तीत जास्त दोन नोंदी घेतल्या जात. आता २०० अक्षरं आणि सहा नोंदी. त्यामुळे एखाद्याने 'गोरा' चौकोनावर खूण करून खालच्या ओळीत 'मेक्सिकन' लिहिलं, तर तो गोरा अधिक 'इतर वंश' असा दोन वंशांचा धरला गेला. दहा वर्षांपूर्वी याच माणसाने फक्त चौकोनावर खूण केली असती आणि तो नुसता गोरा राहिला असता. हिस्पॅनिकांमधली बहुवंशीयांची संख्या या दशकात ३० लाखांवरून २ कोटी ३ लाखांवर गेली, त्याचं मोठं कारण हे.

मागे गेल्यावर काय दिसलं

एकदा हा धागा हाती लागल्यावर सरांनी तो १७९० पर्यंत ओढला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१७९०ला रकाने पाच होते: सोळा वर्षांवरचे स्वतंत्र गोरे पुरुष, त्याखालचे, स्वतंत्र गोऱ्या स्त्रिया, 'इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती' आणि गुलाम. एकूण माणसं ३९ लाखांच्या घरात, त्यांत सुमारे सात लाख गुलाम. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना एक गुलाम तीन पंचमांश माणूस धरायचा असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं, आणि कर न देणारे मूळनिवासी तर मोजायचेच नव्हते. म्हणजे आलेखाच्या डाव्या टोकाला त्या भूमीतले मूळचे लोकच नाहीत. प्रकाशकाच्या आराखड्यात तिथे त्यांचा पट्टा शून्य जाडीचा होता. पाहणाऱ्या मुलाला वाटणार, तिथे कुणी नव्हतंच. राखीव प्रदेशांतल्या मूळनिवाशांसह त्या सर्वांची मोजणी १८९०च्या जनगणनेत आली.

१८५०ला 'मुलॅटो' हा मिश्र वंशाचा रकाना आला. १८७०ला चिनी आले. १८९०ला कहर झाला: रक्ताचा चौथा हिस्सा काळा असेल तर एक नाव, आठवा असेल तर दुसरं. हे ठरवणार कोण? दारात उभा असलेला प्रगणक, चेहरा बघून. पुढच्याच वेळी ते रकाने काढून टाकले गेले. १९३०ला प्रगणकांना उलट सूचना मिळाली, की मिश्रण कितीही थोडं असो, काळाच लिहा. त्याच वर्षी 'मेक्सिकन' हा वंश झाला. मेक्सिको सरकारने आणि तिथल्या मेक्सिकन मुळाच्या लोकांनी आवाज उठवला, आणि १९४०ला बहुतेक मेक्सिकन पुन्हा गोऱ्यांत आले.

आपल्या लोकांची कथा तर आणखी मजेशीर. १९२० ते १९४० या तीन जनगणनांत 'हिंदू' हा तिथे वंश होता. शीख असो की मुसलमान, भारतातून आलेला तो हिंदू. मधेच १९२३ला भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय गोरे नाहीत, सबब नागरिकत्व नाही. थिंड पंजाबी शीख होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. पुढे १९७०च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांतच धरलं, आणि १९८०ला 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना मिळाला. तेव्हा त्यात साडेतीन लाखांहून जास्त नोंदले गेले. २०२०ला केवळ तेवढंच उत्तर देणारे जवळपास ४४ लाख झाले. चित्रकाराने इथे सहज विचारलं, की आनंदीबाई जोशी कुठल्या रकान्यात असतील? कुठल्याच नाही. त्या तिथे १८८३ ते १८८६ होत्या, दोन जनगणनांच्या मधे. आणि १८९०चे बहुतेक मूळ कागद पुढे १९२१च्या आगीत गेले.

१९६० आणि १९७०च्या जनगणनांत सर्वांत मोठी गोष्ट घडली, आणि आलेखात ती कुठेच दिसत नव्हती: दारातल्या प्रगणकाच्या जागी टपालाने आलेला अर्ज आला. वंश आता माणूस स्वतः सांगू लागला. मूळनिवासी १९७०ला ७ लाख ९३ हजार होते, ते १९८०ला १३ लाख ६४ हजार झाले. दशकात ७२ टक्के. नुसत्या जन्मांनी हे होत नाही. आधी दुसऱ्या रकान्यात असलेली माणसं आता स्वतःला मूळनिवासी म्हणत होती.

इतकं झाल्यावर भाऊने जे सांगितलं त्यामुळे सगळ्यांना ते आतून कळलं, असं ताई म्हणतात. त्याच्या घरी अहिराणी बोलतात. जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा आजीने "आमनी भाषा अहिराणी" सांगितलं, वडिलांनी लगेच "मराठी लिहा" म्हटलं. आपल्या जनगणनेत अहिराणी खानदेशी या भाषेखाली जाते. खानदेशी बोलणारे १९९१ला ९ लाख ७४ हजार, २००१ला २० लाख ७५ हजार, २०११ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट आणि मग घट. धुळे-जळगावात ना तेवढी बाळं जन्मली ना तेवढी माणसं गेली. दारातल्या आजी-वडिलांपैकी कुणाचं उत्तर कागदावर उतरलं आणि तो कागद पुढे कुठल्या खात्यात गेला, यावर आकडा हलला.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे आलेख आहे तसा द्यायचा आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप टाकायची, की वर्गीकरण काळानुसार बदललं आहे. व्यवस्थापनाचा कल इकडे होता. काम एका आलेखाच्या दरात घेतलेलं होतं. शिवाय ग्राहकाने मागितलं ते दिलं, आपली जबाबदारी संपली, हा युक्तिवाद या धंद्यात रोजचा आहे. ताईंचं म्हणणं असं, की पंधरा वर्षांचं पोर तळटीप वाचत नाही, रंग बघतं. सहमत.

दुसरा पर्याय भाऊचा: मागचं सगळं सोडून २००० ते २०२० एवढंच दाखवू. २०००पासून एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा आहे, त्यामुळे निदान तेवढं तरी तुलनेला योग्य. पण मघाचं दशक याच वीस वर्षांतलं. आणि १७९० गेलं की गुलामगिरीच आलेखातून जाते.

चित्रकाराने तिसरा सुचवला: फक्त दोन पट्टे, 'हिस्पॅनिक नसलेले गोरे' आणि 'बाकी सगळे'. चित्र स्वच्छ, बेरीज शंभर. पण हिस्पॅनिकचा प्रश्न सर्वांना विचारायला सुरुवात १९८०ला झाली, त्याआधीचं काय? आणि 'बाकी सगळे' ही कुठली जमात? सरांनी हा पर्याय एका वाक्यात उडवला, ते वाक्य इथे छापण्यासारखं नाही.

चौथा पर्याय सरांचा. जिथे प्रश्न बदलला तिथे रेघ तोडा. पांढरी जागा सोडा आणि त्या जागेत लिहा की इथे काय बदललं.

पहिला पेच: जास्त दुरुस्ती

चौथ्या पर्यायावर एकमत होत असतानाच चमू दुसऱ्या टोकाला जायला लागला. भाऊने टिपणात लिहिलं, की अमेरिकेतला वांशिक बदल हा मुख्यतः अर्जाचा खेळ आहे. सरांनी ते वाक्य पेन्सिलीने खोडलं आणि बाजूला '१९६५' एवढंच लिहिलं.

१९२४च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे बांधून बाहेरून येणाऱ्यांची वाट अरुंद केली होती. आशियातून येणं तर जवळपास बंदच. १९६५च्या कायद्याने ते कोटे गेले. १९१०ला अमेरिकेत परदेशी जन्मलेले १४.७ टक्के होते, ते १९७०ला ४.७ टक्क्यांवर उतरले होते, आणि २०१०ला पुन्हा १२.९ झाले. हा काही अर्जाचा खेळ नाही. विमानाने आलेली माणसं आहेत ती. हिस्पॅनिक १९८०ला ६.४ टक्के होते, पुढे दर दशकात ९.०, १२.५, १६.३ आणि १८.७. फक्त आशियाई सांगणारे २०१० ते २०२० या काळात १.४७ कोटींवरून १.९९ कोटींवर गेले, आणि त्यातली वाढ भाऊच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, मुंबईच्या व्हिसाच्या रांगांत. हिस्पॅनिक नसलेले गोरे याच दशकात १९.६८ कोटींवरून १९.१७ कोटींवर आले. तिथे वय जास्त, जन्म कमी.

म्हणजे बदल खरा आहे, आणि मोजण्याचा बदलही खरा आहे. दोन्ही एकाच रेघेत मिसळले की कुठलाच दिसत नाही. 'सगळं खोटं' म्हणणं हे 'सगळं खरं' म्हणण्याइतकंच आळशी, असं माझं मत. या टप्प्यावर सर नसते तर आधीच्या चुकीपेक्षा मोठी चूक छापून गेली असती, कारण ती अभ्यासू दिसली असती.

दुसरा पेच: रंग

हा पेच लहान, पण बोलका. पहिल्या खर्ड्यात चित्रकाराने गोऱ्यांना फिकट पीच, काळ्यांना गडद तपकिरी, आशियाईंना पिवळा आणि मूळनिवाशांना विटकरी लाल रंग दिला होता. तिने मुद्दाम केलं नव्हतं. शोधून काढलेल्या जुन्या आलेखांत तसंच होतं. ताईंनी रंग बदलायला सांगितले: जांभळा, मोरपंखी, नारिंगी, करडा. चित्रकार म्हणाली, "ताई, मग कळणार कसं कोण कोण ते?" ताई म्हणाल्या, "लेबल वाचून." संपादकांकडून याबद्दल एक शब्दही आला नाही, ना हरकत ना शाबासकी.

तिसरा पेच: २०४५

तुटक रेघ काढायची की नाही यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण संपादकांचा जीव तिच्यात होता.

भाऊने जनगणना ब्यूरोचे जुने अंदाज शोधले. हिस्पॅनिक नसलेले गोरे निम्म्याखाली कधी जातील? २००८च्या अंदाजात उत्तर होतं २०४२. २०१२च्या अंदाजात २०४३. २०१४च्या अंदाजात २०४४. २०१७च्या अंदाजात २०४५. ठिपका दर वेळी पुढे सरकतो. ते स्वाभाविकच आहे. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची गृहीतकं बदलली की अंदाज बदलणार. पण एका ठिपक्यावर पाठ्यपुस्तक उभं करायचं म्हणजे अवघड.

आणखी खोल मुद्दा सरांनी काढला. वडील हिस्पॅनिक नसलेले गोरे आणि आई मेक्सिकन मुळाची, अशा घरातलं मूल हिस्पॅनिक लिहिलं गेलं, की ते या हिशेबात 'बाकी' बाजूला जातं. अशी घरं तिथे आता थोडीथोडकी नाहीत. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ला उठवली. त्या वर्षी नव्याने लग्न झालेल्यांत वेगळ्या वंशाचा किंवा वांशिक गटाचा जोडीदार असलेले ३ टक्के होते, २०१५ला १७ टक्के. ही मुलं मोठी झाल्यावर स्वतःला काय म्हणतील, ते त्यांचं त्यांनाही आज ठाऊक नसेल. आलेखाने ते आधीच ठरवून एका बाजूला ढकलायचं का?

काय केलं

ताईंनी लांबलचक स्पष्टीकरण पाठवण्याऐवजी संध्याकाळच्या कॉलवर संपादकांना दोन चित्रं दाखवली. दोन्हींत २०१० ते २०२०, दोन्ही जनगणनेच्या अधिकृत आकड्यांची. एकात गोरे दोन कोटींनी घटलेले, दुसऱ्यात ४४ लाखांनी वाढलेले. आणि विचारलं, तुमच्या मुलांना यातलं कुठलं शिकवायचं आहे? पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग संपादक म्हणाले, दोन्ही.

शेवटी सलग पट्ट्याऐवजी तीन तुकडे झाले. पहिला १७९० ते १९५०, शीर्षक 'मोजणाऱ्याने ठरवलेलं'. दुसरा १९६० ते १९९०, 'स्वतः सांगितलेलं, उत्तर एकच'. तिसरा २००० ते २०२०, 'स्वतः सांगितलेलं, हवी तितकी उत्तरं'. मधल्या मोकळ्या जागांत अर्जातले शब्द. पहिल्या तुकड्यात १८९० आधीच्या मूळनिवाशांच्या जागी शून्याऐवजी रेघारेघांची पोकळी आणि 'मोजले नाहीत' असा शिक्का. तिसऱ्या तुकड्यात प्रत्येक गटाला रेघ नाही, पट्टी आहे: खालची कडा 'फक्त तोच वंश' सांगणाऱ्यांची, वरची 'तो आणि शिवाय इतर' सांगणाऱ्यांची. गोऱ्यांची पट्टी २०१०ला ७२.४ ते ७४.८ इतकी चिंचोळी आहे, २०२०ला ६१.६ ते ७१.० इतकी रुंद. हिस्पॅनिकांचा आलेख वेगळा काढून खाली ठेवला, जेणेकरून बेरीज पुन्हा ११८ होऊ नये.

तुटक रेघ गेली. तिच्या जागी स्वाध्याय आला: चार अंदाज, चार वर्षं, आणि प्रश्न, की ठिपका का सरकला असेल?

निष्पत्ती

संपादकांनी तीन तुकडे स्वीकारले, पट्ट्या स्वीकारल्या, स्वाध्याय जरा सोपा करून घेतला. 'मोजले नाहीत' हा शिक्का त्यांनी लहान करायला लावला. शिकवणाऱ्यांकडून पुढे आलेला अभिप्राय संमिश्र होता. काहींना पट्टी समजावून सांगायला जड गेली. एकाने लिहिलं, की १८९० आणि २०२०चे अर्ज शेजारी ठेवल्यावर वर्गात पहिल्यांदा वाद झाला. कंपनीला या कामात पैसे सुटले नाहीत. त्याच प्रकाशकाचं पुढचं काम मात्र आलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट दराची. 'दोनशे तीस वर्षांचा आलेख' हे शब्द ऐकल्याबरोबर, दर सांगण्याआधी, प्रत्येक वर्षी प्रश्न काय होता हे विचारायला हवं होतं. ते टिपण कामाच्या शेवटी तयार झालं. सुरुवातीला झालं असतं तर तीन आलेखांचे पैसे मागता आले असते.

दुसरी, सॉफ्टवेअरला शंभरात बसवायला सांगण्याआधी बेरीज हाताने करणं. आता तिथे नियमच केला आहे.

तिसरीवर माझं आणि ताईंचं एकमत नाही. २०२०च्या मोजणीनंतर ब्यूरोने स्वतःच पडताळणी केली. तीत हिस्पॅनिक ४.९९ टक्के आणि काळे ३.३० टक्के कमी मोजले गेल्याचं, आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे १.६४ टक्के, आशियाई २.६२ टक्के जास्त मोजले गेल्याचं निघालं. हे आकडे पुस्तकात कुठेच नाहीत. ताई म्हणतात, एका पानावर किती शंका ठेवायच्या? मला वाटतं, निदान शिक्षकांच्या पुस्तिकेत एक चौकट बसली असती. राखीव प्रदेशांतले मूळनिवासी तर ५.६४ टक्क्यांनी कमी मोजले गेले, म्हणजे 'मोजले नाहीत' हा शिक्का १८९०ला पूर्णपणे संपला असं नाही.

चौथी, खर्डा एखाद्या शिक्षकाला दाखवायला हवा होता. तिथला मिळाला नसता तर इथला. पट्टी वाचायला जड जाते हे एरंडवण्यातल्या एखाद्या शाळेतल्या मुलांनीही सांगितलं असतं.

आणि २०३०चं काय? मार्च २०२४मध्ये अमेरिकी सरकारने वर्गीकरणाचे नियम पुन्हा बदलले. हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र करायचे, आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा गट द्यायचा, असं ठरलं. २०२०च्या अर्जात लेबनीज आणि इजिप्शियन ही 'गोऱ्या'खाली छापलेली उदाहरणं होती. ते बाहेर पडले, की गोऱ्यांचा आकडा पुन्हा खाली येणार, एकानेही घर न बदलता. भाऊने फाइलीत चौथ्या तुकड्याची जागा आत्ताच करून ठेवली आहे. दरपत्रकात ती अजून धरलेली नाही.